गळाला तर्काची जोड देणारा इंजिनीअर : रिचर्ड वॉकर

मोठा कार्प मासा गळाने पकडता येत नाही, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील हौशी मासेमारांची ठाम समजूत होती. जुन्या मठांच्या तळ्यांत आणि जमीनदारांच्या हवेल्यांभोवतीच्या तलावांत हे मासे सर्वांना दिसत. उन्हाळ्याच्या दुपारी ते पृष्ठभागावर येऊन संथपणे फिरत, कोणी पावाचा तुकडा टाकला तर तो गिळत. मात्र त्याच तुकड्यात गळ लपवला की त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. चुकून एखादा गळाला लागलाच, तर दोर तोडून पाणवनस्पतींत नाहीसा होई. आयझॅक वॉल्टन यांनी १६५३ साली लिहिलेल्या मासेमारीवरील प्रसिद्ध ग्रंथातही कार्पच्या धूर्तपणाचा गौरव आहे. पुढच्या तीन शतकांत त्या धूर्तपणाभोवती दंतकथांचे कवचच तयार झाले. मासा अतिशय बुद्धिमान आहे, एवढे म्हटले की माणसाला आपल्या अपयशाची कारणे शोधण्याची गरज उरत नाही. ही सोयीस्कर समजूत मोडून काढण्याचे श्रेय प्रामुख्याने रिचर्ड वॉकर या इंजिनीअरकडे जाते.

मराठी वाचकाला कार्प हे नाव कदाचित परके वाटेल, पण त्याचे कूळ परके नाही. आपल्याकडील रोहू, कटला आणि मृगळ हे मासे याच कुळातले. ज्या जातीच्या मागे वॉकर लागले, तो ‘कॉमन कार्प’ विसाव्या शतकात भारतातही आणला गेला. महाराष्ट्रातील तलावांवर मासेमार त्याला त्याच्या शास्त्रीय नावावरून ‘सायप्रिनस’ म्हणतात. आपल्याकडे तो बाजारात विकला जातो आणि ताटात वाढला जातो. इंग्लंडमध्ये मात्र त्याला खाण्यासाठी क्वचितच पकडले जाते. त्याला फसवून काठावर आणणे, त्याचे वजन करणे आणि पुन्हा पाण्यात सोडणे हाच तिथे खेळ आहे, आणि आज या खेळाची स्वतंत्र बाजारपेठ व स्वतंत्र स्पर्धा आहेत. या सगळ्याचा पाया १९५०च्या दशकात घातला गेला.

रिचर्ड स्टुअर्ट वॉकर यांचा जन्म २९ मे १९१८ रोजी हर्टफर्डशायरमधील हिचिन या गावी झाला. मासे गरवण्याचे पहिले धडे त्यांना आजोबांकडून मिळाले. सॅफ्रन वॉल्डन येथील क्वेकर पंथीयांच्या शाळेत शिकून ते केंब्रिजला अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी गेले. दुसऱ्या महायुद्धाने त्या अभ्यासात खंड पाडला. युद्धकाळात फार्नबरो येथील विमानविषयक संशोधन संस्थेत त्यांनी रडारवर काम केले. युद्ध संपल्यावर लेचवर्थ येथील लॉइड्स या कौटुंबिक कंपनीत ते दाखल झाले. हिरवळ कापण्याची यंत्रे हा तिचा व्यवसाय. धातू, लाकूड, विद्युतप्रवाह, ताण आणि भार यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता. पुढे तळ्याकाठी बसलेला हा माणूस हातातल्या काठीकडे परंपरेने आलेली वस्तू म्हणून पाहत नसे. ते एक यंत्र आहे आणि त्यात सुधारणा करता येते, हीच त्यांची दृष्टी होती.

याच सुमारास ‘बी. बी.’ या टोपणनावाने लिहिणारे लेखक आणि चित्रकार डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड यांचे कार्पच्या मासेमारीवरील पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले. त्या काळी कार्पच्या मागे लागणारी माणसे फार थोडी होती, आणि इतर मासेमार त्यांना काहीसे विक्षिप्तच समजत. या विखुरलेल्या मंडळींत पत्रव्यवहार सुरू झाला. त्यातून १९५१ साली ‘कार्प कॅचर्स क्लब’ हे छोटे मंडळ जन्माला आले. वॉकर, बी. बी., मॉरिस इंगॅम, पीटर थॉमस अशी मोजकी नावे त्यात होती. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला लिहून कळवायचा, अपयशही लपवायचे नाही, असा त्यांचा रिवाज होता. मासेमार आपली गुपिते सहसा जपून ठेवतात. इथे ती उघड करण्याची पद्धत पडली. या मंडळाच्या यशात त्या पत्रांचा वाटा मोठा होता.

वॉकर यांनी प्रश्न मुळापासून मांडला. मोठा कार्प का निसटतो? एक तर तो आमिषाजवळ येतच नाही, आणि आला तर साधने त्याला पेलत नाहीत. यांतले पहिले कारण माणसाच्या वागण्यात होते. काठावर आपटणारी पावले, पाण्यावर पडणारी सावली, अवजड शिसे पाण्यात पडल्याचा आवाज हे सारे मासा जाणतो. तो रात्री आणि पहाटे निर्धास्तपणे चरतो, तर मासेमार दिवसा बसून संध्याकाळी घरी जातो. पाण्याचे तापमान बदलले की माशाची भूक आणि जागाही बदलते. म्हणजे मासा बुद्धिमान आहे असे मानण्याची गरज नव्हती. तो सावध आहे एवढे पुरेसे होते, आणि सावध प्राण्याजवळ कसे जायचे याचे नियम शोधता येतात.

दुसरे कारण साधनांत होते. त्या काळी दुकानांत एकीकडे लहान माशांसाठीच्या नाजूक काठ्या मिळत, दुसरीकडे सामन माशासाठीच्या दणकट काठ्या. नाजूक काठी मोठ्या कार्पपुढे हतबल होई. दणकट काठीने हलके आमिष फेकता येत नसे आणि माशाचा झटका ती पचवत नसल्याने दोर तुटे. वॉकर यांनी स्वतःच काठ्या बनवायला घेतल्या. चिरलेल्या बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवून षटकोनी काठी करण्याची कला जुनीच होती. कोणत्या ठिकाणी पट्टी किती जाड ठेवायची, म्हणजे काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत एकसारखी वाकेल, हा त्यांचा प्रश्न होता. एकामागून एक नमुने करत ते चौथ्यावर थांबले. दहा फूट लांबीची ही ‘मार्क फोर’ काठी पुढे ईलिंग येथील बी. जेम्स अँड सन या कंपनीने विक्रीसाठी बनवली. कार्पसाठी खास आखलेल्या काठ्यांची परंपरा तिच्यापासून रूढ झाली.

काठीची ताकद अंदाजाने सांगण्याऐवजी मोजावी, हा आग्रहही वॉकर यांचाच. काठी मुठीकडून घट्ट धरायची आणि शेंड्याला वजन वाढवत जायचे. शेंडा वाकून मुठीशी काटकोन करील त्या वेळचे वजन म्हणजे त्या काठीचा ‘टेस्ट कर्व्ह’. मार्क फोरच्या बाबतीत तो साधारण दीड पौंड भरे. या आकड्याला पाचाने गुणले की त्या काठीला शोभेल अशा दोराची ताकद मिळते, म्हणजे सुमारे साडेसात पौंड. हा हिशेब ढोबळ असला तरी त्यामुळे काठी आणि दोर यांचे नाते प्रथमच कोणालाही तपासता येईल असे झाले. आजच्या कार्पच्या काठ्यांवरही हा आकडा छापलेला असतो.

दोराच्या बाबतीत काळ त्यांच्या बाजूने होता. युद्धानंतर रेशमी दोर मागे पडून नायलॉन आले होते. स्थिर फिरकीच्या रिळामुळे अगदी हलके आमिषही दूर फेकता येत होते, आणि मासा आमिष घेऊन निघाला तर दोर अडथळ्याविना सुटत जाई. तळाशी चिखल किंवा शेवाळ असेल तर जड आमिष त्यात बुडून जाते. म्हणून पावाचा मळलेला गोळा आणि पावाचे तरंगणारे कवच यांचे प्रमाण असे जुळवायचे की दोन्ही मिळून अलगद खाली जातील आणि शेवाळावर टेकून राहतील. शिशाचे वजन शक्यतो लावायचेच नाही. स्वयंपाकघरातल्या शिळ्या पावाने केलेला हा तोल पुढे इतिहास घडवणार होता.

रात्रभर जागे राहून अंधारात दोराकडे पाहणे हे माणसाच्या शक्तीपलीकडचे काम. त्यासाठी वॉकर यांनी विजेवर चालणारा इशारा देणारा यंत्रसंच तयार केला. दोर एका नाजूक दांडीला टेकवून ठेवायचा. माशाने दोर ओढला की दांडी सरकते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि घंटी वाजते. टॉर्चची बॅटरी, एक संपर्कबिंदू आणि थोडी तार एवढ्यावर हे चाले. मासेमारीच्या साधनांत या छोट्या पेटीइतका दूरगामी परिणाम फारच थोड्या वस्तूंनी केला. पुढे १९७०च्या दशकात प्रकाशविद्युत तत्त्वावरील पेट्या आल्या, नंतर त्यांत बिनतारी ग्राहक बसले. तत्त्व मात्र तेच राहिले. मासा काठावर घेण्यासाठी पुरेसे मोठे जाळेही बाजारात नव्हते. तेव्हा दोन लांब दांड्यांना जाळे बांधून, त्यांची टोके दोरीने ताणून वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिकोणी जाळे वापरात आणले. मोठा मासा मिळण्याआधी तो मावेल असे जाळे जवळ हवे, ही साधी गोष्ट तोवर फारशी कोणी गांभीर्याने घेतली नव्हती.

या साऱ्या तयारीची परीक्षा झाली ती हेरफर्डशायरमधील रेडमायर तळ्यावर. रॉस-ऑन-वाय या गावाजवळ, बर्निथन कोर्ट या हवेलीच्या मालकीचे हे तळे जेमतेम तीन एकरांचे. डोनाल्ड लेनी या मत्स्यव्यावसायिकाने १९३४ साली त्यात पन्नास लहान कार्प सोडले होते, आणि नंतर ते जवळजवळ विस्मृतीत गेले. ऑक्टोबर १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्स यांना तिथे ३१ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १४ किलो वजनाचा कार्प मिळाला. त्याआधीचा ब्रिटिश विक्रम १९३० सालचा, २६ पौंडांचा होता. रिचर्ड्स यांनी ही बातमी बी. बी. यांना कळवली आणि क्लबच्या सदस्यांना त्या तळ्याची दारे उघडली.

सप्टेंबर १९५२ मध्ये वॉकर आणि पीटर थॉमस रेडमायरवर गेले. १३ तारखेच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, वॉकर यांच्या आमिषाला मासा लागला. अंधारात दिसत काहीच नव्हते. जे काही कळत होते ते काठीच्या वाकण्यावरून आणि रिळावरून सुटणाऱ्या दोरावरून. मासा काठाला लोंबणाऱ्या काटेरी झुडपांच्या दिशेने निघाला. तिथे पोचला असता तर दोर तुटणार हे निश्चित होते. काठी पेलू शकेल तितका ताण देऊन वॉकर यांनी त्याला वळवले. अखेर थॉमस यांनी त्याच्याखाली जाळे धरले. वजन भरले ४४ पौंड, म्हणजे जवळपास २० किलो. आदल्या वर्षीचा विक्रम तब्बल पावणेतेरा पौंडांनी मागे पडला होता.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विक्रमी मासा मारून, त्यात पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवला जाई. वॉकर यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाशी संपर्क साधला. संग्रहालयाने गाडी पाठवली आणि मासा जिवंत लंडनला पोचला. ‘क्लॅरिसा’ या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि १९७१ साली मरेपर्यंत तेथील मत्स्यालयात राहिला. ज्यांनी कधी हाती गळ धरला नव्हता अशा हजारो मुलांनी तो काचेपलीकडून पाहिला. मोठा कार्प ही दंतकथा नाही, याचा तो चालताबोलता पुरावा होता. तीन एकरांच्या शांत तळ्यातून आलेल्या या जिवाची पुढची एकोणीस वर्षे एका टाकीत गेली, हेही खरेच. विक्रमी मासा मारण्याऐवजी जिवंत ठेवण्याच्या विचाराचे ते पहिले, अर्धे पाऊल होते. पकडलेला मासा त्याच पाण्यात परत सोडण्याची रीत कार्पच्या खेळात पुढे पक्की झाली.

एका विक्रमाने क्रांती होत नाही; नशिबाने साथ दिली म्हणून लोक तो विसरूनही जातात. वॉकर यांनी तसे होऊ दिले नाही. १९५३ साली त्यांचे ‘स्टिल-वॉटर अँग्लिंग’ हे पुस्तक आले. स्थिर पाण्यातील मासे कुठे असतात, तिथे का असतात, ऋतूनुसार पाण्याचे थर कसे बदलतात, काठी कशी करावी, इशारा देणारी पेटी कशी जोडावी, हे सारे त्यांनी कोणताही हातचा न राखता सांगितले. त्यांच्या मांडणीत साधनांचा क्रमांक पहिला नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आधी मासा कुठे आहे ते शोधायचे. मग त्याला बिचकवायचे नाही. योग्य साधन, योग्य वेळ आणि योग्य आमिष यांचा विचार त्यानंतर. स्वतः उत्तम साधने घडवणाऱ्या माणसाने साधनांना तिसरी जागा दिली, हे त्यांच्या विचाराचे सार म्हणता येईल.

त्याच वर्षी ‘अँग्लिंग टाइम्स’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि वॉकर यांचे सदर त्यात सुमारे तीन दशके चालले. कारखान्यातले कामगार, शाळकरी मुले, निवृत्त शिपाई असे सर्व थरांतले वाचक त्यांना लाभले. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांना ते सडेतोड उत्तरे देत. त्यांच्या लेखनात वादाची धार असे आणि त्यामुळे दुखावलेले लोकही होते. मात्र एखादी समजूत का चुकीची आहे, हे ते प्रयोगाच्या आधारे दाखवून देत. पत्र पाठवणाऱ्याच्या नावापेक्षा त्याच्या निरीक्षणाला त्यांच्या लेखी अधिक किंमत होती.

कार्पवरच ते थांबले नाहीत. बेडफर्डशायरमधील आर्ल्सी तळ्यात मोठे पर्च मासे काठापासून दूर, खोल पाण्यात राहत. तिथवर आमिष पोचवण्यासाठी त्यांनी नासपतीच्या आकाराचे, वरच्या टोकाला फिरती कडी बसवलेले शिसे तयार केले. हवेत ते सरळ जाते आणि दोराला पीळ पडू देत नाही. ‘आर्ल्सी बॉम्ब’ या नावाने ते आजही दुकानांत मिळते, आणि ते विकत घेणाऱ्या अनेकांना त्याच्या कर्त्याचे नावही ठाऊक नसते. फार्नबरोच्या संस्थेत १९६०च्या दशकात कार्बन तंतू विकसित झाले. त्यांचा उपयोग काठ्यांसाठी होऊ शकतो हे लवकर ओळखणाऱ्यांत वॉकर होते. ज्या माणसाने चिरलेल्या बांबूची काठी कळसाला नेली, त्यानेच बांबूला निरोप देणाऱ्या धाग्याचे स्वागत केले. उत्तरायुष्यात ते ट्राउट माशांकडे वळले आणि पिसांची कृत्रिम माशी बांधण्याच्या कलेतही त्यांनी नवे नमुने दिले.

दरम्यान कार्पची मासेमारी त्यांनी आखलेल्या वाटेवरून फार पुढे गेली. १९७०च्या दशकात पावाची जागा प्रथिनयुक्त, उकडलेल्या गोळ्यांनी घेतली. त्यांना ‘बॉयली’ म्हणतात. पुढे आमिष गळात न खुपसता, गळापासून निघालेल्या केसाएवढ्या बारीक दोऱ्याला बांधण्याची युक्ती निघाली. मासा आमिष तोंडात ओढून घेतो, तेव्हा मोकळा गळही सहज आत जातो. तो बाहेर टाकू पाहताना गळ ओठात रुततो. जून १९८० मध्ये ख्रिस येट्स यांनी रेडमायरच्याच तळ्यातून साडेएकावन्न पौंडांचा कार्प काढला आणि वॉकर यांचा आकडा अठ्ठावीस वर्षांनी मागे पडला. वॉकर ते पाहण्यास हयात होते. २ ऑगस्ट १९८५ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज युरोपात कार्पच्या स्पर्धा अनेक दिवस आणि रात्री चालतात. चिठ्ठ्या टाकून काठावरील जागा ठरतात. प्रत्येक स्पर्धक संघ एकाच वेळी अनेक काठ्या मांडतो. मासा लागताच पेटी वाजते, पंच येऊन वजन करतात, माशाला ओल्या मऊ गादीवर ठेवून गळ काढला जातो आणि तो परत पाण्यात सोडला जातो. दूरनियंत्रित छोट्या होड्या आमिष वाहून नेतात, ध्वनिलहरींची यंत्रे तळाचा नकाशा दाखवतात. यांतील बहुतेक साधनांची वंशावळ वॉकर यांच्या कामाच्या टेबलापर्यंत मागे नेता येते.

याच ठिकाणी त्यांच्या वारशातला पेचही दिसतो. वॉकर यांनी घंटीची पेटी बनवली ती रात्री डोळ्यांना दिसत नाही म्हणून. पुढे ती अनेकांसाठी पाण्याकडे न पाहण्याची सोय झाली. तंबूत झोपायचे आणि घंटी वाजली की उठायचे, ही रीत पडली. पाण्यावरचे बुडबुडे, शेवाळाची हालचाल, वाऱ्याची दिशा हे वाचण्याचे काम यंत्रावर सोपवता येत नाही, आणि वॉकर यांच्या क्रमवारीत तेच सर्वांत वर होते. साधने विकत घेता येतात; त्यांच्यामागचा विचार प्रत्येकाला स्वतःच करावा लागतो.

एका लहानशा छंदात त्यांनी आयुष्य वेचले असे कोणी म्हणेल. पण त्यांनी जे केले ते छंदापुरते राहिले नाही. अशक्य म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्यांनी प्रश्नांच्या स्वरूपात मांडली, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हाताने घडवून तपासले आणि मिळालेले ज्ञान सर्वांना वाटून टाकले. विक्रम एक ना एक दिवस मोडतो, तसा तो मोडलाही. मात्र मोठा कार्प गळाला लागत नाही, असे वॉकर यांच्यानंतर कोणी म्हटले नाही.